बजेटमधला गेमिंग पीसी: राहणारे भाग आणि जाणारे भाग

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पैसे मोजके आहेत, आज १०८०पी (फुल एचडी) वर गेम नीट चालले पाहिजेत आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जमेल तसे पैसे घालून हाच पीसी वाढवत न्यायचा आहे. सोबतची यादी: कोअर आय५-१४४००एफ, एच६१० चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचं नाव), डीडीआर४ म्हणजे जुन्या पिढीची रॅम घेणारा सगळ्यात साधा बोर्ड, १६ जीबीची एकच रॅम स्टिक, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि काचेच्या आरजीबी कॅबिनेटसोबतच मिळणारा ‘५०० वॉट’चा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. मॉनिटर घरातला जुनाच, ६० हर्ट्झचा.

आज हा पीसी छान चालेल, त्यात वाद नाही. पण दोन वर्षांनी उघडशील तेव्हा कळेल की कार्ड बदलायचं तर एसएमपीएस बदलावा लागतोय, प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदलावा लागतोय, आणि बोर्ड बदलला की रॅमही गेली. उरलं काय? कॅबिनेट आणि एसएसडी. याला अपग्रेड म्हणत नाहीत, नवा पीसी म्हणतात.

कुणाचीही यादी बघताना मी प्रत्येक वस्तूबद्दल एकच गोष्ट विचारतो: दोन अपग्रेडनंतर ही कॅबिनेटमध्ये असेल की विकलेली असेल? प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे जाणारे. एसएमपीएस, बोर्ड, कॅबिनेट, मॉनिटर हे राहणारे. रॅम आणि एसएसडी अधलेमधले. राहणारी वस्तू उद्याचा हिशेब करून घ्यायची, जाणारी फक्त आजच्यापुरती. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण जाणाऱ्या वस्तूंचे आकडे बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेगाच्या चाचण्यांत, दिसतात आणि राहणाऱ्यांचे कुठेच दिसत नाहीत.

सॉकेटपासून, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेपासून, सुरुवात करू, कारण तुझी सगळ्यात महागात पडणारी चूक तिथे आहे. १४४००एफ वाईट नाही. पण तो ज्या एलजीए १७०० सॉकेटवर बसतो त्यावर २०२१ मध्ये इंटेलची बारावी पिढी आली, २०२२ मध्ये तेरावी, २०२३ मध्ये चौदावी, आणि २०२४ मध्ये इंटेल एलजीए १८५१ कडे वळली. गाडी शेवटच्या थांब्यावर पोचल्यावर तू तिच्यात चढतोयस. त्याच बोर्डावर पुढे जायचं म्हणजे जुना आय७ किंवा आय९ शोधायचा, आणि एच६१० च्या साध्या बोर्डाचं व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, त्यांना पुरा पडत नाही. भार आला की प्रोसेसर मुकाट्याने वेग कमी करतो आणि आपण गेमला शिव्या घालत बसतो.

एका सॉकेटला किती आयुष्य मिळू शकतं याचा नमुना माझ्याच टेबलाखाली होता. २०१७ मध्ये एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बी३५० बोर्डावर रायझन ५ १६०० बसवला होता. २०२२ मध्ये त्याच बोर्डाला नवा बायॉस, म्हणजे बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर, आला आणि त्या बोर्डावर रायझन ७ ५८००एक्स३डी बसला. बोर्ड तोच, रॅम तीच, एसएमपीएस तोच. त्या दिवशी एक गडबडही केली, ती सांगून ठेवतो. कूलरचे स्क्रू काढून तो सरळ वर ओढला, आणि त्याला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला. पाच वर्षांत थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी झाली होती. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. दोन वाकल्या होत्या, त्या भिंगाखाली ब्लेडच्या पात्याने सरळ करण्यात अर्धा तास गेला. जुना कूलर काढण्याआधी पीसी दहा-पंधरा मिनिटं भाराखाली चालवायचा, पेस्ट मऊ होते. मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे हलका पिळायचा आणि सुटला की मगच उचलायचा.

आज तेच काम एएम५ सॉकेट करतोय. तो २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रायझन ७००० मालिकेबरोबर आला, २०२४ मध्ये ९००० मालिका त्याच बोर्डांवर बसली, आणि २०२७ पर्यंत व पुढेही हा सॉकेट चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलंय. म्हणून तुझ्यासाठी माझी निवड साधी आहे: रायझन ५ ७६००. सहा कोअर, कागदावर ६५ वॉट, डब्यातच कूलर, आणि आत छोटंसं ग्राफिक्सही. ७५००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ते ग्राफिक्स नाही. तू कार्ड विकून दुसरं घेशील तेव्हा मधले आठ-दहा दिवस पीसी चालू राहणं, किंवा पडदा काळा झाल्यावर दोष कार्डात आहे की दुसरीकडे हे दोन मिनिटांत कळणं, याची किंमत मला त्या फरकापेक्षा जास्त वाटते. रायझन ७ ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी पुढे कधीतरी सेकंडहँड घ्यायचा आणि याच बोर्डावर चढवायचा.

सॉकेट तोच आहे म्हणजे प्रोसेसर चालेलच, असं मात्र धरून चालू नकोस. २०१७ मध्ये इंटेलची आठवी पिढी दिसायला त्याच एलजीए ११५१ वर आली आणि आधीच्या १०० व २०० मालिकेच्या बोर्डांवर चालली नाही. एएमडीनेही २०२० च्या मे महिन्यात सांगितलं होतं की बी४५० वर पुढची पिढी चालणार नाही. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा निर्णय फिरवला. शेवटचा शब्द बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरच्या प्रोसेसर-यादीचा. त्यात प्रोसेसरच्या नावासमोर बायॉसचा क्रमांक असतो. तो बायॉस *जुना प्रोसेसर बसलेला असतानाच* टाकून घ्यायचा. उत्साहात आधी नवा प्रोसेसर बसवून मग काळ्या पडद्याकडे बघत बसलेले कितीतरी जण मला भेटलेत. प्रोसेसरशिवायही पेन ड्राइव्हवरून बायॉस टाकता येतो असं फ्लॅशबॅक बटण बोर्डाच्या मागे असेल तर उत्तम. या एका बटणासाठी मी थोडे जास्त पैसे आनंदाने देतो.

बोर्डात बाकी बघायचं ते इतकंच: बी६५० किंवा बी८५० चिपसेट, व्हीआरएमवर खरोखरचा धातूचा हीटसिंक, एसएसडीसाठी एम.२ चे दोन स्लॉट. एक्स अक्षराचे चिपसेट तुझ्या कामाचे नाहीत. त्यातली जादाची पोर्टं रिकामीच राहतील. ए६२० स्वस्त दिसतो, पण त्यातल्या काही बोर्डांची ताकद ६५ वॉटच्या प्रोसेसरपुरतीच असते, म्हणजे अपग्रेडच्या वेळी पुन्हा तीच रड.

आता एसएमपीएस. इथे मी जरा हट्टी आहे. कॅबिनेटसोबत येणाऱ्या त्या डब्यावरचा मोठा ‘५००’ विसर आणि बाजूच्या स्टिकरवरचा बारीक तक्ता वाच. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात. +१२व्ही समोर २०ए लिहिलेलं असेल तर हिशेब सरळ आहे: १२ गुणिले २०, म्हणजे २४० वॉट. उरलेले आकडे ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींचे, जिथे आजच्या पीसीला फारसं काही लागत नाही. चांगल्या ५०० वॉटच्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर मिळते. ‘८० प्लस’चा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचते ते. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर तो स्वतःला बंद करेल की बोर्ड सोबत घेऊन जाईल, हे त्यात नसतं. त्यापेक्षा वॉरंटी बघ. जी कंपनी सात किंवा दहा वर्षं लिहून देते तिला आपला माल माहीत असतो.

किती वॉटचा घ्यायचा? हिशेब आजचा नाही, दुसऱ्या कार्डाचा कर. आरटीएक्स ५०७० ला २५० वॉट लागतात, आरएक्स ९०७० एक्सटी ला ३०४. प्रोसेसरवरचा वॉटचा आकडाही खरा भार नसतो: ६५ वॉटचा रायझन ८८ पर्यंत जातो आणि १२० वॉटचा १६२ पर्यंत. पंखे, एसएसडी, बोर्ड, यूएसबीची यंत्रं यांचे पन्नास-साठ धर. बेरीज साडेचारशे ते सव्वापाचशेच्या घरात जाते. त्यावर कार्डं क्षणभर नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात, आणि तेवढ्यात कमकुवत एसएमपीएस घाबरून बंद पडतो; ऐन गेममध्ये पीसी फटकन विझण्याचं हे नेहमीचं कारण. एसएमपीएसच्या एटीएक्स ३.० मानकापासून या उसळ्या पेलण्याची अट घातली गेली आहे. तेव्हा एटीएक्स ३.१ चा, ८० प्लस गोल्ड दर्जाचा, ७५० वॉट घे. हजार वॉटची हौस नको.

एसएमपीएसच्या बाबतीतला माझा एक गाढवपणा तू करू नयेस. पूर्वी मी जुना मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, एसएमपीएस काढून दुसऱ्या कंपनीचा लावला. मागच्या बाजूच्या केबल नीट बांधलेल्या होत्या, त्या सोडायचा कंटाळा आला, म्हणून डिस्कला वीज देणाऱ्या जुन्या सॅटा केबल तशाच ठेवून नव्या डब्यात खोचल्या. बसल्या, अगदी टिचकीसारखा आवाज करून बसल्या. बटण दाबलं आणि दोन हार्ड डिस्क गेल्या. केबलचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठली पिन कशाची हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. पाच व्होल्टच्या तारेत बारा गेले. एसएमपीएस बदलला की त्याच्या *सगळ्या* केबल बदलायच्या, कितीही सुंदर बांधलेल्या असोत.

रॅमच्या बाबतीत तू एकच स्टिक लिहिलीस, आणि यावर सगळे तुला ओरडतील. डीडीआर४ च्या त्या बोर्डावर ओरडणं बरोबरच आहे: दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी डेटा मिळतो, एकीने निम्माच. पण डीडीआर५ वर गोष्ट थोडी फिरते. एएम५ वर चारही स्लॉट भरले की अधिकृत वेग ३६०० पर्यंत उतरतो; दोनच स्टिक असतील तर ७००० मालिकेला तो ५२०० असतो आणि एक्सपो, म्हणजे रॅमला तिचा जाहीर वेग लावणारं बायॉसमधलं सेटिंग, चालू केलं की ६००० सहसा सुखाने चालतो. म्हणजे ‘आज दोन घेऊ, पुढे आणखी दोन घालू’ ही जुनी सवय इथे उपयोगाची नाही. आज ८-८ च्या दोन घेतल्यास तर पुढे दोन्ही काढाव्या लागतील. शिवाय ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर चिप कमी असतात आणि ती १६ वालीपेक्षा थोडी मंद पडते. सगळ्यात चांगलं म्हणजे १६-१६ ची जोडी, ६००० वेगाची, सीएल३० मिळाली तर सीएल३० (सीएल म्हणजे रॅमची दिरंगाई, आकडा लहान तितकं बरं). ती नाहीच परवडली तर १६ ची एकच स्टिक घे, काही महिने थोडी कमी फ्रेम (सेकंदाला बनणारी चित्रं) सोस आणि मग तिचीच बहीण आण. जोखीम आहे: एकाच मॉडेल नंबरखाली कंपन्या वेगवेगळ्या चिप भरतात आणि दोघींचं कधीकधी पटत नाही, मग वेग थोडा उतरवावा लागतो. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव जे चढले ते पाहता हा मधला मार्ग मी आता पूर्वीसारखा उडवून लावत नाही.

दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. आणि बायॉसमध्ये जाऊन एक्सपो चालू कर. नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर रांगत राहते आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

ग्राफिक्स कार्डाकडे येण्याआधी तुझ्या मॉनिटरबद्दल बोललं पाहिजे, कारण यादीत तो एका ओळीत उरकला आहेस. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. कार्डाने १४० बनवली तरी ६०च. म्हणजे महागड्या कार्डाच्या निम्म्या मेहनतीचे पैसे तू न दिसणाऱ्या गोष्टीसाठी मोजशील. आणि मॉनिटर हा पीसीतला सगळ्यात दीर्घायुषी भाग आहे; तीन कार्डं येऊन जातात, तो तिथेच असतो. म्हणून पहिलं अपग्रेड कार्ड नाही, मॉनिटर. १०८०पी मध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख, ४के मध्ये जवळपास ८३ लाख. १४४०पी वर गेलास की कार्डावरचं काम पावणेदोन पटींच्या आसपास वाढतं, पण डीएलएसएस किंवा एफएसआर, म्हणजे कमी पिक्सेलवर बनवलेलं चित्र मोठं करणारं तंत्र, चालू करून मधली काही वर्षं सहज निघतात. नवा मॉनिटर आल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा हाताने बदल. १४४ चा मॉनिटर ६० वर ठेवून वर्षानुवर्षं खेळणारे लोक असतात.

कार्ड आज कुठलं? जे १०८०पी ला पुरतं ते. जाणारी वस्तू आहे, तिच्यासाठी जीव टाकू नकोस. फक्त दोन गोष्टी तपास. पहिली मेमरी. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतात आणि नाव तेच असतं. डब्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ८ जीबीवर आजचे बरेच गेम टेक्सचर एक पायरी खाली आणून नीट चालतात, पण मेमरी ओसंडली की सरासरी फ्रेम ठीक दिसतात आणि खेळताना मात्र हिसके बसतात. जमलं तर १२ किंवा १६. विकतानाही त्यालाच गिऱ्हाईक लवकर मिळतं. दुसरी गोष्ट पीसीआय लेन, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या डेटाच्या वाटा. कार्डाची पट्टी पूर्ण लांबीची असते, पण आत तारा किती जोडल्यात हे वेगळं. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० आठ लेनची आहेत, २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच लेनचं. नव्या बोर्डावर आठ लेनने बिघडत नाही, जुन्या पीसीआय ३.० बोर्डावर ते ६५०० मात्र गुडघे टेकतं. हाच सापळा उलट्या बाजूनेही आहे: ‘आज कार्डच नको, रायझन ५ ८५००जी च्या आतल्या ग्राफिक्सवर भागवू, पुढे कार्ड घालू’ असा बेत करशील तर तो प्रोसेसर कार्डाला चारच लेन देतो. मग किमान ८६००जी बघ, तो आठ देतो.

एसएसडीवर वेळ घालवत नाही: १ टीबी एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी), मधल्या किमतीची. सेकंदाला जुनी सॅटा ५५० एमबी, एनव्हीएमई जेन ३ सुमारे ३५००, जेन ४ सुमारे ७०००, हे आकडे फाइल कॉपी करताना दिसतात. गेम उघडताना एनव्हीएमईच्या दोन पिढ्यांतला फरक ओळखणं कठीण. कॅबिनेट जाळीदार तोंडाचं घे. समोर दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, पुरे. आत किती लांबीचं कार्ड आणि किती उंचीचा कूलर मावतो ते मिलिमीटरमध्ये बघून ठेव. काच समोर असली की पंख्यांना श्वास घ्यायला फक्त एक फटच उरते, आणि आरजीबीचे पैसे त्या गोल्ड एसएमपीएसमध्ये वळवलेस की हिशेब जवळजवळ जुळतो.

पुढे प्रोसेसर आधी बदलायचा की कार्ड, हे कुणाला विचारू नकोस, पीसीलाच विचार. तू जो गेम खरोखर खेळतोस तो लाव, ज्या ठिकाणी तो अडखळतो तिथे उभा राहा, व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाला बांधणारं सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद कर आणि रिझोल्यूशन एकदम खाली आण. फ्रेम उसळून वर गेल्या तर कार्ड अपुरं आहे. जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसर. पाच मिनिटांचं काम, आणि चुकीचा भाग घेण्यापासून वाचवतं.

जोडून झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबशील तेव्हा पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील. डीडीआर५ ची रॅम पहिल्या वेळी प्रोसेसरशी जुळवून घेते, त्याला काही मिनिटं लागू शकतात. लगेच स्टिक उपसू नकोस, बटण पुन्हापुन्हा दाबू नकोस. आणि मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्ये लाव, बोर्डाच्या नाही.

त्यावरून आठवलं: ऑर्डर देण्याआधी त्या जुन्या मॉनिटरच्या मागे वाकून बघ. निळं व्हीजीए पोर्ट एवढंच असेल तर नव्या कार्डांवर ते नसतंच. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा अडॅप्टर लागेल, किंवा मॉनिटर यादीत आजच वर सरकवावा लागेल. काय दिसतंय ते कळव, मग कार्डाचं नाव नक्की करू.